एक पेटी, अनेक पडदे

माझे मामा तालुक्याच्या गावात एका थिएटरात ऑपरेटर होते. पडद्यावर कोण रडतंय, कोण नाचतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. त्यांचा डोळा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर. तिथे क्षणभर एक ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सातेक सेकंदांनी पुन्हा ठिपका आला की या मशीनचं झापड पाडायचं आणि त्या मशीनचं उघडायचं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन रिळं जोडून एक मोठं चाक केलं तरी बावीस मिनिटं. मधल्या वेळात रिकामं चाक उतरव, भरलेलं चढव, फिल्म दातांमधून ओव, आणि आर्कमधल्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात त्या बोटभर पुढे सरकव. सरकवायला उशीर झाला की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या, आरोळ्या. मामा म्हणायचे, "लोकांना ऑपरेटरची आठवण शिव्या द्यायच्या वेळीच होते."

त्या थिएटरात नव्या सिनेमाची अख्खी प्रिंट क्वचितच यायची. नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात एक थिएटर होतं, त्याच्याबरोबर वाटून घ्यावी लागे. आमचा रात्रीचा खेळ साडेआठला, त्यांचा साडेनऊला, आणि मध्ये राजदूत मोटरसायकलवर एक पोरगा. चार रिळं झाली की ती पत्र्याच्या पेटीत घालून, पेटी मागे दोरीने करकचून बांधून तो सुटायचा. तिकडे टाकून परत, तोवर पुढची चार तयार. एका पावसाळी रात्री ओढ्याला पाणी आलं आणि पोरगा अलीकडच्या काठावर अडकला. पलीकडच्या ऑपरेटरकडे पुढची रिळं नाहीत आणि खाली सहाशे माणसं बसलेली. त्याने आधी 'कृपया शांतता राखा'ची काच लावली. शांतता काही राखली गेली नाही. मग हाताशी असलेल्या रिळातलं एक गाणं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी लोकांनी खुर्च्या आपटल्या. चौथ्या वेळी ते कंटाळले, आणि पाचव्या वेळी म्हणे खालूनच 'वन्स मोअर' आला. मामा ही गोष्ट दर दिवाळीला सांगत, आणि दर दिवाळीला गाण्याची संख्या एकाने वाढत असे.

सिनेमागृहांच्या साखळीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी या ओढ्यापासून सुरू करतोय, कारण माझ्या मते या धंद्याचं सगळं मर्म त्या राजदूतवरच्या पेटीत आहे. साखळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकाच नावाच्या इमारती येतात: एकसारखे दिवे, एकसारखे पॉपकॉर्न. पण इमारत कुणीही बांधतो. साखळी होते ती पेटी फिरू लागते तेव्हा, आणि तुटते ती पेटी अडते तेव्हा. हे पुस्तक हिंदुस्थानातल्या पहिल्या मोठ्या साखळीचं, म्हणजे कलकत्त्याच्या मादन थिएटर्सचं आहे. ती कशी वाढली हे सांगणारं बरंच लिहिलं गेलं आहे. ती ज्या गुणाने वाढली त्याच गुणाने कशी बुडाली, याची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

आधी तंबू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असतं. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं मात्र आपण घाईने ओलांडतो आणि थेट ३ मे १९१३ला लागलेल्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'वर येऊन थांबतो. या मधल्या काळात सिनेमा बैलगाडीतून, आगगाडीतून, बोटीतून हिंडत होता. अब्दुलअली युसुफअली हे नाव त्यातलं सगळ्यांत मोठं. १९०१ ते १९०७ हा गृहस्थ आपला तंबू घेऊन सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिलोन असा फिरला आणि १९०८पासून हिंदुस्थानभर. चार खांबांचा तंबू, त्यात हजारभर माणसं. चित्रफिती इतक्या लहान की चाळीस-पन्नास एकापाठोपाठ दाखवल्या तेव्हा एक खेळ पुरा व्हायचा. पुढे हाच माणूस अर्देशिर इराणींचा भागीदार झाला. १९१४ साली त्यांनी मुंबईचं अलेक्झांड्रा घेतलं आणि १९१८ साली मॅजेस्टिक. हिंदुस्थानातला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला तो या मॅजेस्टिकला.

तंबूवाल्याचं गणित सोपं. त्या काळी चित्रफीत भाड्याने मिळत नसे, फुटाच्या भावाने विकत घ्यावी लागे. एकदा पैसे मोजून घेतली की ती झिजेपर्यंत आपली. मग ती नव्या माणसांना दाखवत राहायचं. सोलापुरात पाहून झाली की बार्शी, बार्शीनंतर पंढरपूरची जत्रा. सिनेमा तोच, गाव रोज नवं. पक्कं थिएटर बांधणाऱ्याचं गणित याच्या बरोबर उलटं. त्याचं गाव तेच, म्हणून सिनेमा नवा लागतो. मध्यम गावात सिनेमा पाहणारी जेवढी माणसं असतात तेवढी तीन-चार दिवसांत येऊन जातात. आठवड्याला दोनदा पाटी बदलायची तर वर्षाला शंभरेक सिनेमे हवेत. ते विकत घ्यायचे तर थिएटर गहाण पडेल, आणि तीन दिवस दाखवून झाल्यावर त्या रिळांचं करायचं काय?

उपाय एकच. दुसऱ्या गावात दुसरं थिएटर. तिथून तिसरीकडे. म्हणजे तंबू गुंडाळून ठेवायचा, पण तंबूचं फिरणं सोडायचं नाही. माणूस बसून राहतो आणि पेटी फिरते.

हे ज्याला सगळ्यांत आधी उमगलं तो जमशेटजी फ्रामजी मादन. जन्म मुंबईचा, १८५६ सालचा. लहानपणीच एल्फिन्स्टन नाटक मंडळीत सामानसुमान सांभाळणारा पोऱ्या म्हणून शिरला, मग नट झाला. त्यानंतर व्यापार. कलकत्त्यात त्याने जम बसवला तो विलायती दारू आणि खाण्यापिण्याचा माल पुरवून, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं गोरं लष्कर. हा तपशील मला विसरता येत नाही. किराणा पुरवणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: माल एका गुदामात पडून राहिला की नासतो. कोणत्या छावणीत काय संपत आलंय, कोणती गाडी कधी सुटते, कुठला उरलेला माल कुठे खपेल, हे डोक्यात फिरत ठेवणं म्हणजेच तो धंदा. नाटकवेड त्याच्याकडे होतंच. पण नाटकवेडी माणसं त्या काळात पैशाला पासरी होती. वाणी असलेला नाटकवेडा एकच निघाला.

कलकत्त्याची नाट्यगृहं त्याने घेतली, त्यात कोरिंथियन आणि आल्फ्रेड ही मोठी. १९०२ साली मैदानावर तंबू ठोकून त्याने बायोस्कोपचे खेळ सुरू केले. यंत्रं आणि चित्रफिती फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या. १९०५ साली वंगभंगाविरुद्धच्या सभा-मिरवणुकांचं चित्रीकरण ज्योतिष सरकार यांनी केलं ते मादनसाठीच. आणि १९०७ साली एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस, सिनेमासाठीच बांधलेलं पक्कं घर. त्याच शहरात हिरालाल सेन नावाचा, कलेच्या दृष्टीने कदाचित मादनपेक्षा फार मोठा असलेला माणूस रॉयल बायोस्कोप चालवत होता. त्याच्याकडे डोळा होता, हात होता, पण थिएटरांची ओळ नव्हती. १९१७ साली त्याच्या चित्रफितींचा साठा आगीत गेला, त्याच सुमाराला तोही गेला, आणि आज त्याचं जवळपास काहीच पाहायला मिळत नाही. इतिहास पुष्कळदा गुदाम कुणाचं होतं यावर ठरतो, हे मान्य करायला कलावंतांना जड जातं. मलाही जातं.

आगीचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या काळची फिल्म नायट्रेटची. काडी लागली की भडका, आणि पाण्याने न विझणारा. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात थिएटरला परवाना देताना प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची अट घातलेली दिसते ती उगाच नाही. सेन्सॉरवर आपण शंभर वर्षं भांडत आलो. त्याच कायद्यातल्या या दुसऱ्या भागाने काय केलं याकडे कुणी पाहत नाही. तंबू महाग पडू लागला, दगडी खोलीत मशीन ठेवणारा पुढे गेला. ज्याच्याकडे भांडवल होतं त्याला कायदा आपोआप सोयीचा झाला.

मादनांची वाढ या पुस्तकात सालवार आली आहे, म्हणून इथे धावती नोंद पुरे. पाथेची एजन्सी, मग इतर विलायती कंपन्यांची. १९१७ साली 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र'. फाळक्यांची कथा चालते हे दिसताच ती उचलण्यात मादनांना संकोच वाटला नाही. १९१९ साली 'बिल्वमंगल', आणि त्याच वर्षी सगळा पसारा मादन थिएटर्स लिमिटेड या कंपनीखाली. इटलीहून दिग्दर्शक आणले, आगा हश्र काश्मिरींसारखा नाटककार बांधून घेतला, पेशन्स कूपर ही पडद्यावरची मोठी नायिका घडवली. जमशेटजी १९२३ साली वारले. मुलगा जे. जे. मादन याने सूत्रं घेतली. रंगूनपासून लाहोरपर्यंत आणि खाली कोलंबोपर्यंत घरं पसरली. ऐन भरात, १९३०च्या आसपास, हा आकडा सव्वाशेच्या घरात सांगितला जातो. त्या वेळी सगळ्या देशात पक्की थिएटरं काहीशे होती, हे लक्षात घेतलं की सव्वाशेचं वजन कळतं.

मात्र एक गोष्ट थोडी थांबून पाहायला हवी, ती म्हणजे हा गाडा रोज कसा हाकला जात होता. कलकत्त्याच्या गुदामात विलायतेहून पेट्या येत. पहिला आठवडा एल्फिन्स्टन, साहेबलोकांची वस्ती, चढं तिकीट, प्रिंट कोरी. तिथून ती दुसऱ्या प्रतीच्या थिएटरात, देशी वस्तीत. मग गाडीने पश्चिमेकडे किंवा बोटीने रंगूनला. दर मुक्कामावर प्रिंट थोडी झिजलेली, तिकीट थोडं उतरलेलं. पडद्यावर पाऊस पडायला लागतो ना, उभ्या रेघांचा, तो पाऊस म्हणजे त्या रिळाचा प्रवास. शेवटच्या गावी पोचेपर्यंत पैसे केव्हाच वसूल झालेले असत आणि पुढे येणारा आणा न् आणा नफा. एकाच मालाचे वीस वेळा पैसे. स्वतःची घरं असल्यामुळे कोणत्या घरातून पेटी कधी हलवायची हे ठरवणारा एकच. बाहेरच्या थिएटरवाल्याशी घासाघीस नाही, हिशेबात लपवाछपवी नाही, आणि उद्या एखादा सिनेमा पडला तर त्याच्या जागी पाठवायला पेटी तयार.

या सगळ्यात मूकपटाचा एक गुण मादनांच्या पथ्यावर पडला होता. त्याची जाणीव कदाचित त्यांना स्वतःलाही नसावी. मूकपटाला भाषा नसते. अधूनमधून पाट्या येतात, त्या दोन-तीन लिपींत लिहिता येतात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी थिएटरात एक जण उभा राहून गोष्ट सांगतो, हार्मोनियम-तबलाही जोडीला असतो. कलकत्त्याचा सिनेमा लाहोरात चालतो, लंडनचा रंगूनमध्ये. रंगूनचा सांगणारा बर्मीत सांगेल, पुण्याचा मराठीत. पेटीत फक्त चित्रं आहेत, आणि बोलण्याची सोय जागच्या जागी. एवढ्या बोलीभाषांच्या देशात शंभर घरांची एक साखळी उभी राहू शकली ती या मुकेपणाच्या जोरावर.

मादनांवर राग कमी नव्हता. १९२७ साली सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली. तिने गावोगाव फिरून ३५३ साक्षी घेतल्या. नट, निर्माते, शाळामास्तर, पोलीस अधिकारी, समाजपुढारी, सगळे. दादासाहेब फाळक्यांचीही साक्ष झाली. त्या साक्षींचे खंड हे त्या काळच्या सिनेमाचं सगळ्यांत जिवंत दप्तर आहे. आपल्याकडे ते फार कमी वाचले जातात याचं मला दरवेळी नवल वाटतं. निर्मात्यांची तक्रार साधारण अशी: आम्ही सिनेमा करतो, पण दाखवायचा कुठे? चांगली घरं मादनांची, त्यांत विलायती माल आधीच लागलेला. आणि ही तक्रार खरी होती. त्या काळात देशात दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांतले बहुतेक परदेशी, त्यातही अमेरिकन. परदेशी प्रिंट स्वस्त पडे, कारण तिचा खर्च तिकडेच निघालेला असे. वाणी स्वस्त माल घेणारच.

मग ही साखळी स्वतंत्र होती का, असा प्रश्न इथे येईल, म्हणून 'स्वतंत्र' या शब्दाबद्दल दोन शब्द. मादनांची साखळी कुणा हॉलिवूड कंपनीच्या मालकीची नव्हती, या अर्थी ती स्वतंत्रच. अमेरिकेत तेव्हा मोठे स्टुडिओच थिएटरांचे मालक होते. ती गाठ सोडवायला १९४८ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. पण स्वतंत्र साखळी छोट्या निर्मात्याचा कैवार घेईलच असं कुठे आहे? तिची बांधिलकी पेटीशी असते. पेटी रिकामी राहू नये, एवढंच तिला कळतं. 'स्वतंत्र' म्हटलं की आपण लगेच हळवे होतो, म्हणून हे सांगून ठेवलं.

मग आवाज आला.

हिंदुस्थानातला पहिला परदेशी बोलपट, युनिव्हर्सलचा 'मेलडी ऑफ लव्ह', १९२९ साली दाखवला गेला तो मादनांच्याच एल्फिन्स्टनमध्ये. म्हणजे त्यांना उशिरा कळलं असं म्हणायला जागा नाही. उलट त्यांनी उडी मोठी मारली. कलकत्त्यात बोलपटाचा स्टुडिओ सजवला. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला आला, तर मादनांचा बंगाली बोलपट 'जामाई षष्ठी' ११ एप्रिलला. लगोलग 'शिरीं फरहाद', मास्टर निसार आणि जहांआरा कज्जन यांच्या गळ्यांवर तरलेला. १९३२ साली 'इंद्रसभा', ज्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. एका सिनेमात सत्तर! इतकी वर्षं मुकं राहिल्याची सगळी कसर काढून घेतल्यासारखी.

सिनेमे चालले. साखळी तुटली. का, याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सविस्तर आहे. मी माझ्यापुरतं थोडक्यात सांगतो. घाव दोन बसले. आवाजाचं यंत्र प्रत्येक घरात बसवावं लागतं, परदेशातून आणून, परदेशी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली. एक थिएटर असलेल्या माणसाने एक यंत्र घेतलं की तो सुटला. सव्वाशे घरं असलेल्याला सव्वाशे. जी संख्या मिरवायची तीच आता भागाकारातून गुणाकारात गेली. आधी एका पेटीचा खर्च सव्वाशे घरांत वाटला जात होता, आता एका यंत्राचा खर्च सव्वाशेपट होत होता. आणि ही वेळ जागतिक मंदीची, कर्ज मागायला जावं तर दारं बंद.

दुसरा घाव पहिल्यापेक्षा खोल. सिनेमा बोलू लागला म्हणजे कुठल्या तरी एका भाषेत बोलू लागला. 'जामाई षष्ठी' लाहोरला कोण पाहणार? कलकत्त्याचा माल आता बंगालात चालेल, लाहोरचा प्रेक्षक उर्दू-हिंदी मागेल, रंगूनचा बर्मी. पेटी तीच, गाडी तीच, थिएटर तेच, पण पेटीतला माल पुढच्या स्टेशनावर उतरवून घेणारा कुणी नाही. देशभर पसरलेली घरं एका धाग्यात ओवणारं जे मुकेपण होतं, ते गेलं. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरं एकेक करून विकली गेली होती. ज्यांनी ती घेतली त्यांनी आपापल्या प्रांतात ती नीट चालवली, हेही इथे सांगायला हवं. घरं बुडाली नाहीत, ओवणारा धागा गेला.

याच वेळी आमच्याकडे कोल्हापुरात काय चाललं होतं ते पाहिलं की माझं म्हणणं अधिक उघड होईल. १९२९ साली स्थापन झालेल्या 'प्रभात'ने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला, तो एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. तेच सेट, तेच कपडे, मोजके बदल, दोन भाषा. खर्च दीडपट झाला असेल, पण मराठी मुलखात एक पेटी आणि बाकी देशात दुसरी. भाषेने तोडलेला धागा त्यांनी असा दुहेरी पिळून घेतला. सव्वाशे घरं घेण्याच्या फंदात ते पडले नाहीत. वितरण सांभाळायला त्यांच्या जोडीला बाबूराव पै यांची फेमस पिक्चर्स होती, म्हणजे पेटी फिरवणारा माणूस घरचाच. आणि मोक्याची मोजकीच थिएटरं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ सरदार किबे यांनी बांधलेलं, १९३४ साली सुरू झालेलं थिएटर भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी त्याचं 'प्रभात' केलं. मुंबईत गिरगावचं सेंट्रल. 'संत तुकाराम' सेंट्रलला वर्षभराहून जास्त काळ चालला. एका घरात पेटी वर्षभर हललीच नाही. फिरत्या पेटीवर जगणाऱ्या साखळीपुढे हा अगदी वेगळाच प्रकार. पेटी हलवावी न लागणं यासारखं सुख धंद्यात दुसरं नाही. पण असा सिनेमा दर वर्षी कुणाच्याच हाती लागत नाही. प्रभातच्याही लागला नाही.

मादनांनंतर आलेल्या साखळ्या लहान आणि एका टापूपुरत्या. केकी मोदींची वेस्टर्न इंडिया थिएटर्स ही त्यातली आपल्याकडची मोठी. तिची एक आठवण कायद्याच्या पुस्तकांत उरली आहे. पुण्याच्या नगरपालिकेने दर थिएटरमागे रोजचा कर लावला होता, रक्कम किरकोळ. कंपनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९५९ साली हरली. रोजच्या दोन-चार रुपयांसाठी दिल्ली? पण साखळीच्या मालकाची नजर अशीच असते. त्याला दोन रुपये दिसतच नाहीत. दोन रुपये गुणिले घरं गुणिले तीनशे पासष्ट दिसतात.

धंद्याचा नकाशा मात्र मादनांच्या काळातला आजही शाबूत आहे, आणि तो राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ अजून 'सी. पी. बेरार' आहे आणि मराठवाडा 'निजाम'. उरलेला महाराष्ट्र, गोवा, गुजरात मिळून 'बॉम्बे सर्किट'. निजामशाही जाऊन पाऊणशे वर्षं झाली, मध्य प्रांत आणि वऱ्हाड शाळेच्या पुस्तकातून गेला, संयुक्त महाराष्ट्र झाला. पण नांदेडच्या थिएटरवाल्याची पेटी येण्याची वाट ठरली ती ठरली. आगगाड्या जिथून जात होत्या तिथूनच हक्क विकले गेले, आणि हक्कांच्या कागदावर ती नावं राहून गेली.

पुढचा मोठा बदल आपण सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिला. १९९७ साली दिल्लीत साकेतला जुन्या अनुपम थिएटरच्या जागी पीव्हीआरचं मल्टिप्लेक्स उघडलं. महाराष्ट्र सरकारने २००१च्या सुमाराला मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि इथेही एका छपराखाली चार-पाच पडदे दिसू लागले. एका पडद्यावर पेटी पडली तर ती शेजारच्या लहान पडद्यावर सरकवायची. राजदूतवरून नऊ किलोमीटर जे व्हायचं ते आता व्हरांडा ओलांडून होऊ लागलं. पुण्यात सिटीप्राइडसारखी घरच्या माणसांनी उभारलेली साखळी या काळात टिकली, वाढली, मराठी सिनेमाला हक्काचा आठवडा देत राहिली. दुसऱ्या टोकाला एकेका कंपनीने दुसरीला गिळलं, आणि २०२३ साली पीव्हीआर आणि आयनॉक्स एकच झाल्या.

दरम्यान खुद्द पेटीच नाहीशी झाली. २००५नंतर उपग्रहावरून सिनेमा पाठवण्याची सोय आली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत फिल्मची प्रिंट काढणं जवळपास थांबलं. मराठी निर्मात्याला यात सुख मिळालं, हे कबूल करायला हवं. पूर्वी दहा-बारा प्रिंट काढताना घाम फुटायचा. आता पहिल्याच शुक्रवारी शंभरेक पडद्यांवर लागता येतं. पण प्रत्येक थिएटरात नवं मशीन लागलं. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी बसवलं, बाकीच्यांनी दरवाजे ओढून घेतले. १९३१ आणि २०११ ही दोन सालं शेजारी मांडून पाहावीत अशी माझी वाचकाला विनंती आहे. ऐंशी वर्षांनी नेमका तोच हिशेब पुन्हा मांडला गेला, या वेळी गणित सुटलं नाही ते एकच थिएटर असलेल्यांचं. माझ्या मामांचं थिएटर त्यातलंच. तिथे आता मंगल कार्यालय आहे. बाल्कनीचा जिना तसाच ठेवलाय, वर वऱ्हाडाचं सामान ठेवतात.

हे पुस्तक वाचताना एक पथ्य पाळावं असं मला वाटतं. मादनांना खलनायक करू नये, आणि हरवलेल्या सुवर्णयुगाचे राजेही करू नये. त्यांच्या सिनेमांपैकी फारच थोडे उरले आहेत. त्यांच्या कलेबद्दल ठामपणे बोलण्याइतका पुरावा हाती नाही, आणि या पुस्तकाने तो आव आणलेला नाही, हे मला फार आवडलं. उरलंय ते हिशेबाचं, साक्षींचं, जाहिरातींचं दप्तर. त्यातून एक माणूस दिसतो, नाटकाच्या विंगेत पोऱ्या म्हणून उभा राहिलेला, ज्याने पुढे शहरोशहरीच्या संध्याकाळी ताब्यात घेतल्या. पहिल्या भागात कलकत्त्याच्या मैदानावरचा तंबू आहे, त्या भागाची पानं घाईने उलटू नयेत. तंबूचे खांब कुठे रोवले, गॅसबत्त्या किती, तिकीट किती, हे सगळं लेखकाने प्रेमाने वेचलंय, आणि पुढच्या सगळ्या वाढीचं बी तिथेच आहे.

एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस पुढे मिनर्व्हा झालं, मग चॅप्लिन, आणि २०१३ साली पाडलं गेलं. कलकत्त्यात मादनांच्या नावाचा रस्ता मात्र आहे, चांदनी चौकाच्या बाजारालगत. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. विचारलं तर कुणालाही मादन कोण ते सांगता येईना. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांत रेडिओचे सुटे भाग, अॅम्प्लिफायर, फुटपाथवर छातीएवढे लाउडस्पीकर मांडून ठेवलेले. एक पोरगा वायर जोडून एकेक तपासत होता. प्रत्येकातून एकच शब्द येत होता, "हॅलो, हॅलो."